ब्लेड नाही ते ठीक, पण कॉर्नियाची जाडी बघितली का?

मागच्या अंकात चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर ऑपरेशनबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर डोंबिवलीपासून पार वसईपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली, ईमेल आले, काहींनी तर सरळ रिपोर्टचे फोटोच पाठवले. सगळी उत्तरं एका अंकात मावणार नाहीत, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. नावं छापत नाहीये.

मॅडम, मी २४ वर्षांची आहे, ऐरोलीला आयटीत जॉब करते. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६, डाव्याचा मायनस ५.५. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते पण आता संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक होतात. स्टेशनबाहेर बोर्ड लागलाय, ब्लेडलेस लेझर, दहा मिनिटांत चष्म्याला बाय. हे साध्या लॅसिकपेक्षा वेगळं काय असतं? दुखतं का? – एक वाचक, डोंबिवली

आधी लॅसिक ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते सांगते, मग बोर्डवरचं कितपत धरायचं ते तुझं तुलाच कळेल. डोळ्याच्या काळ्या भागावर जो पारदर्शक थर असतो तो कॉर्निया, मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, बास एवढाच. मायनस नंबर असला की प्रकाश मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो आणि लांबचं धूसर दिसतं, म्हणून कॉर्नियाचा मधला भाग लेझरने थोडा चपटा करायचा की प्रकाश बरोबर पडद्यावर जातो. पण हे काम आतल्या थरात करायचं असतं, त्यामुळे आधी वरचा एक पातळ थर, साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा, मोकळा करून पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूला उलटतात, त्याला फ्लॅप म्हणतात. काम झालं की तो परत जागेवर बसवतात, टाके वगैरे काही नसतात.

ब्लेडचा संबंध येतो तो फक्त या फ्लॅपपुरता. पूर्वी तो मायक्रोकेराटोम नावाच्या यंत्राने करायचे, त्यात खरोखरचं बारीक ब्लेड असतं, अजूनही कितीतरी ठिकाणी तसंच करतात. ब्लेडलेसमध्ये तेच काम फेमटोसेकंद लेझर करतो, तो ठरलेल्या खोलीवर अगदी सूक्ष्म बुडबुडे सोडत जातो आणि बुडबुडे एकमेकांना लागले की थर आपोआप सुटा होतो. पण नंबर घालवणारा लेझर हा नव्हेच, तो दुसरा, एक्सायमर, १९३ नॅनोमीटरचा, आणि तो दोन्ही पद्धतींत सारखाच. फेमटोचा फायदा खरा आहे, फ्लॅपची जाडी सगळीकडे एकसारखी येते, फ्लॅप मध्येच फाटणं किंवा अर्धवट राहणं असले प्रकार कमी होतात. मात्र ऑपरेशन नीट झालं असेल तर दोन्हीकडची नजर पुढे जाऊन जवळपास सारखीच चांगली येते. आणखी एक, ब्लेडलेस म्हणून कधी फेमटो लॅसिक विकतात, कधी स्माईल, ज्यात फ्लॅप न करता दोनचार मिलिमीटरच्या छेदातून आतली छोटी चकती काढून घेतात, आणि कधी पीआरके, ज्यात फ्लॅपच नसतो. म्हणून काउंटरवर पॅकेजचा रेट विचारायच्या आधी माझ्यावर यातलं नेमकं कोणतं करणार आणि का, हे डॉक्टरांना विचार.

आता दुखण्याचं. इंजेक्शन नसतं, भूल थेंबांची असते, तू जागीच असतेस. पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप लावतात. फ्लॅपच्या वेळी डोळ्यावर एक रिंग दाबून बसवतात, तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद त्या डोळ्याला सगळं अंधारून येतं, हे आधी सांगितलेलं नसलं की माणसं जाम घाबरतात, म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवते. मग एक्सायमर सुरू झाला की लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं, टकटक असा आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. पण तिथे जळत काहीच नाही, हा लेझर उष्णतेने भाजत नाही, रेणूंमधले बंध तोडून थर उडवतो. तुझ्या नंबरला हे काम एका डोळ्याला एखाद्या मिनिटाच्या आत उरकतं, आणि डोळा जरासा हलला तरी मशीन त्याच्या मागे मागे जातं. त्यामुळे दहा मिनिटं म्हणतात ते ऑपरेशनपुरतं खोटं नाही. घरी आल्यावर चार-सहा तास मात्र चांगलीच आग होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, तेव्हा झोपून जायचं हे सगळ्यात बरं.

हा एक्सायमर डोळ्यांच्या संशोधनातून आलेला नाहीच मुळी. आपल्या मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करायचे, त्यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातून उरलेली टर्की पक्ष्याची हाडं आणि कुर्चा आणून त्यावर हा लेझर मारून बघितला, तर आजूबाजूला न भाजता सुबक खाच पडली. या कामासाठी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना पुढे २०१३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हातून अमेरिकेचं राष्ट्रीय पदक मिळालं. आणि फेमटोसेकंद लेझर ज्या तंत्रावर चालतो त्याला २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आहे. म्हणजे विज्ञान अगदी पक्कं आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस.

प्रश्न येतो तो तुझा डोळा त्याला योग्य आहे का हा, आणि त्याला दहा मिनिटं पुरत नाहीत. हिशोब साधा आहे. एका नंबरला अंदाजे १५ मायक्रॉन कॉर्निया जातो, म्हणजे तुझ्या ६ नंबरला ९० आणि फ्लॅपचे धरू ११०, एकूण २०० झाले, तुझी जाडी ५४० असेल तर खाली ३४० उरतात, छान. खाली किमान २५० तरी उरायलाच हवेत, बरेच डॉक्टर ३०० धरून चालतात. आता समज तुझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलीची जाडी ४९० आणि नंबर ८ आहे, तिचे ११० आणि १२० मिळून २३० गेले की राहतात २६०, कागदावर पास, पण जवळजवळ निम्मा कॉर्निया वापरला गेला, मी तिला फ्लॅपचं ऑपरेशन करू नकोस म्हणेन, मग फ्लॅप ब्लेडने करा नाहीतर लेझरने. पातळ राहिलेला कॉर्निया काही वर्षांनी पुढे फुगायला लागला तर तो त्रास चष्म्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तपासणीला जाताना लेन्स बंद करून जा. सॉफ्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे आधी, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि मापं चुकीची येतात. टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाचा नकाशा, जाडी, डोळ्याचं प्रेशर, अश्रूंची टेस्ट आणि बाहुली मोठी करून पडदा बघणं, हे सगळं झालंच पाहिजे. त्यातही तुझे डोळे संध्याकाळी लाल होतात ना, मग अश्रूंची टेस्ट नीट करून घे, कोरडेपणा असेल तर आधी तो बरा करायचा आणि मगच लेझर. सकाळी तपासणी आणि दुपारी ऑपरेशन, आजच करा तर डिस्काउंट, असं कुणी म्हणालं तर रिपोर्टच्या कॉप्या घे आणि घरी ये.

मॅडम, माझी मुलगी १९ वर्षांची आहे. मागच्या वर्षी मायनस ३ होता, यंदा ३.७५ झाला, सिलिंड्रिकल १ चा २ झालाय. तिला ऍलर्जी आहे, सारखी डोळे चोळत असते. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणतात की पुढे स्थळं बघायला लागायच्या आत चष्मा घालवून टाका. मे महिन्याच्या सुट्टीत करून घेऊ का? – एक आई, गिरगाव

ताई, मे महिन्यात नको. यंदा नकोच.

वय १८ पूर्ण झालं की ऑपरेशन करता येतं हे खरं, पण नंबर निदान एक वर्ष स्थिर हवा, फरक अर्ध्या नंबरच्या आत हवा. तुमच्या लेकीचा पाऊण वाढलाय. आज लेझरने ३.७५ घालवला तरी डोळा वाढायचा थांबत नाही, दोन वर्षांनी परत चष्मा लागेल आणि तेवढा कॉर्निया मात्र कायमचा गेलेला असेल.

पण तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सिलिंड्रिकल नंबर एका वर्षात दुप्पट आणि वर डोळे चोळायची सवय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की केराटोकोनस नाही ना हे बघावंच लागतं. यात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, सुरुवातीला काही दुखत नाही, फक्त चष्मा वारंवार बदलतो, आणि नेहमीच्या दुकानात नंबर काढून घेतला तर हे कळणारही नाही. अशा डोळ्यावर लॅसिक झालं तर कॉर्निया आणखी कमजोर होतो. म्हणून सुट्टीची वाट न बघता याच महिन्यात टोपोग्राफी करून घ्या. आपल्याकडे केईएम, सायन, जे.जे. इथे डोळ्यांचे विभाग आहेत, खाजगी डॉक्टरांकडून रिपोर्ट काढलात तरी तिथल्या ओपीडीत दुसरं मत घेता येतं.

नकाशा नॉर्मल आला तर उत्तम, मग चष्मा आणि दर वर्षी तपासणी. केराटोकोनस निघाला आणि वाढत असेल तर सीथ्रीआर नावाची ट्रीटमेंट असते, रायबोफ्लेविनचे थेंब घालून वरून अतिनील किरण सोडतात, कॉर्निया कडक होतो आणि आजार बहुतेकदा तिथेच थांबतो. त्याने नंबर जात नाही, हेही समजून असा. जितकं लवकर कळेल तितकी नजर जास्त वाचते. तोवर ऍलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू करा, खाज सुटली की थंड पाण्याची पट्टी ठेवायची, चोळायचं नाही म्हणजे नाही, झोपेत चोळत असेल तर तेही बघा.

जाऊबाईंना माझं नाव सांगून सांगा की डॉक्टरांनी नाही म्हटलंय. चष्म्यावरून नकार देणारं घर तुमच्या लेकीला मिळू नये अशीच माझी मनापासून इच्छा आहे, आणि कॉर्नियाची किंमत देऊन असं स्थळ मिळवू नका. मोठेपणी तिला स्वतःला वाटलं, नंबर थांबला आणि नकाशा स्वच्छ असला, तर तिने जरूर करावं.

मी २१ वर्षांचा, नंबर मायनस २. असिस्टंट लोको पायलटची तयारी करतोय, पुढे मोटरमन व्हायचंय. क्लासमधली मुलं म्हणतात ब्लेडलेस करून घे, मेडिकलमध्ये कळत नाही. पोलीस भरतीचाही फॉर्म भरणार आहे. कबड्डी खेळतो. – एक वाचक, कल्याण

अरे, थांब. लोको पायलटसाठी रेल्वेची ए-१ मेडिकल कॅटेगरी लागते, त्यात चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ हवं आणि लॅसिक किंवा नंबर घालवायचं दुसरं कुठलंही ऑपरेशन झालेलं असेल तर उमेदवार बाद होतो. आणि कळत नाही असं तुला कुणी सांगितलं? टोपोग्राफीत कॉर्निया चपटा केलेला साफ दिसतो. म्हणजे पैसेही जातील आणि रेल्वेतल्या ज्या दुसऱ्या पदांना हीच अट आहे त्यांची दारंही बंद होतील. त्यापेक्षा चष्मा चालतो अशा पदांसाठी तयारी कर, रेल्वेतच आहेत तशी.

पोलीस आणि सैन्यदलांचे नियम पदाप्रमाणे वेगवेगळे असतात, कुठे ऑपरेशननंतर ठरावीक महिने जावे लागतात, कुठे कॉर्नियाची उरलेली जाडी बघतात. ज्या भरतीचा फॉर्म भरणार त्याच जाहिरातीतलं मेडिकलचं पान नीट वाच आणि मगच डोळ्याला हात लाव. पुढे कधी केलंसच तर कबड्डीपटूला फ्लॅपवालं नको. फ्लॅप वरून बसला तरी आतून पहिल्यासारखा घट्ट कधीच जुळत नाही, जोरात बोट किंवा कोपर लागलं तर वर्षांनंतरही सरकू शकतो. पीआरके केलं तर तीनचार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर पूर्ण साफ व्हायला आठवडे लागतात, पण फ्लॅपची भीती नाही.

वय ४६, नंबर मायनस ३. ब्लेडलेस केलं की वाचायचाही चष्मा जाईल ना? – बोरिवलीहून एक वाचक

नाही जाणार साहेब. उलट आज तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचत असाल, मायनस ३ ची ती सोय ऑपरेशननंतर संपेल आणि मोबाइल बघायलासुद्धा चाळिशी लागेल. चाळिशी येते ती आतलं नैसर्गिक भिंग ताठर झाल्यामुळे, कॉर्नियावर लेझर मारून ते भिंग पुन्हा लवचीक होत नाही. एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी असं करता येतं, काहींना ते छान जमतं, काहींना अजिबात नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसं फिरून बघा. आणि ऑपरेशन केलंत तर आधीच्या नंबरचे आणि मापांचे कागद फाइल करून जपा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी कुठल्या पॉवरची लेन्स बसवायची तो हिशोब लेझरमुळे बदललेला असतो, तेव्हा जुने कागद फार उपयोगी पडतात.

दीड महिन्यापूर्वी ब्लेडलेस लॅसिक केलं. दिवसा मस्त दिसतं पण एसीत बसलं की डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, आणि रात्री ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती गोल वलयं दिसतात. हॉस्पिटलवाले नॉर्मल आहे एवढंच म्हणतात. माझं काही बिघडलंय का? – एक वाचक, मुलुंड

बिघडलं असायची शक्यता कमी आहे, पण नॉर्मल आहे एवढं म्हणून फोन ठेवणं हेही बरोबर नाही, तुम्हाला कारण कळायला हवं होतं.

फ्लॅप करताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, मग डोळा कोरडा पडलाय हा निरोप मेंदूकडे नीट जात नाही, अश्रू कमी येतात आणि पापण्यांची उघडझापही मंदावते. ब्लेडने केलं काय, लेझरने केलं काय, नसा कापल्या जातातच. बहुतेकांच्या तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच भरून येतात, काहींना वर्षही लागतं. तोवर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब दिवसातून चारपाच वेळा तरी घाला, वाळू टोचायच्या आधीच घाला, टोचल्यावर नव्हे. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा, स्क्रीनवर काम करताना मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा.

वलयांचं म्हणाल तर रात्री बाहुली मोठी होते आणि लेझर मारलेल्या भागाच्या कडेवरून प्रकाश आत येतो, त्यात अश्रूंचा थर खराब असला की आणखी पसरतो. कोरडेपणा कमी झाला की हेही बऱ्याच जणांचं कमी होतं. तोवर रात्री हायवेला गाडी शक्यतो दुसऱ्याच्या हातात द्या. तीन महिन्यांनी नंबर तपासा, थोडा उरला असेल तर त्यानेही वलयं दिसतात आणि त्याला उपाय आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. सुरुवातीला दिलेले स्टेरॉइडचे थेंब बरे वाटतात म्हणून मेडिकलमधून परत परत आणून घालू नका. डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि तो होताना कळत नाही. आणि नजर अचानक कमी झाली, दुखणं वाढत चाललं, डोळा लाल झाला किंवा लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते तेव्हा घरात कुणाचे डोळे आले तर टॉवेल, उशी वेगळी ठेवा.

माझा नंबर मायनस ११. एका ठिकाणी लेझरला सपशेल नाही म्हणाले, फार वाईट वाटलं. दुसरीकडे विचारू का? आणि मेडिक्लेम मिळतो का? – वसईचा एक वाचक

ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी तुमचं भलं केलंय. ११ नंबर घालवायचा म्हणजे दीडशेच्या वर मायक्रॉन उडवायचे, फ्लॅप वेगळा, खाली उरणार काय? हो म्हणणारा कुणीतरी सापडेलही, पण त्याच्याकडे जाऊ नका. तुमच्यासारख्यांसाठी आयसीएल आहे, म्हणजे कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत, स्वतःच्या भिंगाच्या पुढ्यात एक पातळ लेन्स बसवतात, पुढे गरज पडली तर ती काढताही येते. त्यासाठी आत पुरेशी जागा आहे का ते मोजतात. हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, खर्चही लेझरपेक्षा जास्त असतो, तेव्हा घाई न करता दोन ठिकाणी विचारा. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं आणि नंतरच्या व्हिजिट धरल्यात का, हे लेखी घ्या.

मेडिक्लेमचं असं की नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर चष्म्याचा नंबर घालवायचा खर्च पॉलिसीत बसत नाही, हे जवळपास सगळ्या पॉलिसींत छापलेलं असतं. तुमचा त्यावर आहे, त्यामुळे विचारायला नक्की वाव आहे, पण वेटिंग पीरियड आणि बाकीच्या अटी बघून ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या, नंतर भांडत बसायला नको.

आणि लेन्स बसवा वा न बसवा, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, त्याचा पडदा कडेला ताणलेला आणि पातळ असतो, नंबर शून्यावर आला तरी आतला पडदा तोच राहतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके खूप वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर सकाळची ट्रेन बघत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.